पऱ्हाटीच्या चाळीस प्रती

चाळीसच्या चाळीस प्रती. नासिरभाईंच्या छपाईच्या दुकानात, कटिंग मशीनच्या पात्याखाली.

संक्रांत शनिवारी होती, हळदीकुंकू रविवारी. गुरुवारी दुपारी भैरवीनं चाळीस चित्रांच्या चार थप्प्या केल्या, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि एकेक थप्पी पात्याखाली सरकवून खालची बोटभर पट्टी कापून टाकली. चार वेळा दांडा ओढला. काम पाच मिनिटांचं.

पट्टीवर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या. प्रतीचा नंबर, मग भैरवी, मग शोभा. भैरवीचं नाव भैरवीच्या अक्षरात, शोभाचं शोभाच्या. गेली पाच वर्षं दोघी आपापलं नाव आपापल्या हातानं लिहीत आल्या होत्या.

नासिरभाईंना तिनं सांगितलं, की पाकिटात बसत नाही म्हणून कापतेय. नासिरभाई म्हणाले, "बराबर." चित्रांना पाकिटं कधीच नसायची आणि हे नासिरभाईंइतकं कोणालाच माहीत नव्हतं, कारण चित्रं त्यांच्याच दोरीवर वाळायची. पण ते पुन्हा छपाईचं रबर हातात घेऊन एका बारशाच्या कार्डावर शाई ओढायला लागले. भैरवीनं थप्प्या जुन्या साडीत बांधल्या. पट्ट्या तिथंच राहिल्या.

रिक्षात बसल्यावर तिनं स्वतःला सांगितलं, की माझंही नाव कापलं की मी.

मागच्या वर्षांच्या प्रती. गावभर.

सुरुवात सांगायला हवी, नाहीतर त्या पट्टीत एवढं काय होतं ते कळायचं नाही.

पुतणीच्या लग्नपत्रिका छापायला म्हणून भैरवी पहिल्यांदा त्या दुकानात गेली होती. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाईचा गोळा, आणि नासिरभाई रबराच्या पट्टीनं तो गोळा एका दमात अलीकडून पलीकडे ओढायचे. चौकट उचलली की खाली गणपती. पुन्हा ओढलं, पुन्हा गणपती. भैरवीला ते बघून हसूच आलं. मी एक ओढून बघू का, असं तिनं विचारलं. नासिरभाई म्हणाले, बघा ना ताई, चौकट रिकामीच पडून राह्यते. तेव्हा कापसाची दैना सुरू झालेली होती, गावोगावची लग्नं दहा माणसांत उरकत होती, आणि जी मोठी व्हायची त्यांच्या पत्रिका नागपूरला छापल्या जायच्या.

भैरवी सुटीच्या दिवशी जायला लागली. लोडशेडिंगचं काही अडत नसे, कारण जाळीवर चित्र उतरायचं ते उन्हात. जाळीला उन्हानं घट्ट होणारा मसाला लावायचा, वर चित्राचा ट्रेसिंग पेपर, वर काच, आणि सगळं गच्चीवर. नासिरभाईंची बायको रहमतबी मोठ्यानं आकडे मोजायची. दोनशे चाळीस झाले की चौकट उचलून पाण्याखाली. मध्येच खालून कोणी हाक मारली की रहमतबीचा आकडा हरवायचा, जाळी जास्त भाजायची आणि चित्रातल्या बारीक रेषा उघडायच्याच नाहीत. पहिल्या वर्षीच्या पतंगाला म्हणून दोराच नव्हता.

तो दोरा शोभानं दिला. शोभा भैरवीच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहायची, माहेर बाभुळगावचं. तिच्याकडे एक न्हाव्याची कैची होती आणि ती पेन्सिलीची रेघ न मारता कापायची. दोऱ्याविना पतंग बघून ती म्हणाली, हा तं कटून पडल्यावाणी दिसून राह्यला. मग जुन्या पत्रिकेची सोनेरी कड केसाएवढी बारीक कापून तिनं ती प्रत्येक चित्रावर चिकटवली, प्रत्येकावर वेगळ्या वळणानं. तोवर भैरवीचं चित्र कागदावर पडून होतं. त्या दोऱ्यानं ते उभं राहिलं. भैरवीला हे तेव्हाच कळलं होतं. तिनं ते कबूलही केलं होतं, आणि म्हणूनच खाली दोन नावं आली.

वाण म्हणून चित्र द्यायचं हेही शोभाचंच डोकं. बाकीच्या घरी स्टीलची वाटी, साबणाची डबी, चहाची गाळणी. भैरवीकडे चित्र. पहिल्या वर्षी एकीनं विचारलं होतं, यासोबत वाटी आहे का. तिसऱ्या वर्षापासून बाया डिसेंबरातच विचारायला लागल्या, यंदा काय?

एक प्रत. सदाशिवरावांना दाखवायची होती.

पऱ्हाटीचं चित्र सदाशिवरावांनी सुचवलं होतं. सदाशिवराव म्हणजे शोभाचे मिस्टर. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं. बसल्या बसल्या गादीतला कापूस काढून ओढायचीही सवय होती, त्यावरून शोभा त्यांना बोलायची.

त्या हंगामात केंद्रावर गाड्या फिरकल्याच नाहीत. लोक खाजगीत विकत होते. सदाशिवराव तरी रोज मोपेडवर जायचे, रिकाम्या आवारात खुर्ची टाकून बसायचे आणि पाचला परत यायचे. त्याच दिवसांत दिल्ली-मुंबईचे कॅमेरे जिल्ह्यात गावोगाव फिरत होते. दिवाळीआधी दोघी ओसरीवर बसून यंदा काय करायचं असं बोलत होत्या, तर ते खुर्चीतूनच म्हणाले, "पऱ्हाटी काढा. सारे मेलेल्याचे फोटो काढून राह्यले. झाडाचा काढला का कोणी?"

भैरवीनं पऱ्हाटी काढली. कापसाचं एक झाड, काळपट तपकिरी, पानं गळलेली. त्यांनी ते तीन वेळा परत पाठवलं. फांदी अशी फुटत नाही. बोंडाच्या फाका चार असतात नाहीतर पाच, तुमी सहा काढल्या, हे कोणतं बियाणं आणलं बाई तुमी? शेवटी बोंडं शोभानं कागदाची लावायची असं ठरलं. एका झाडाला पाच.

दिवाळीनंतर तेराव्या दिवशी ओसरीवरच त्यांना अटॅक आला. त्या वर्षी पेपरात रोज शेतकऱ्यांच्या मरणांचे आकडे यायचे. सदाशिवराव त्यात नव्हते.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी शोभानं कैची काढली. जुन्या पत्रिकांच्या आतले पांढरे, खरबरीत कागद घेऊन ती बोंडं कापायला बसली. चाळीस झाडं, पाच-पाच बोंडं, दोनशे. भैरवी रोज दुपारी जाऊन बसायची. शोभा एक बोंड कापायची, उजेडात धरायची, कडा नखानं उचलायची, म्हणजे रुई फुगल्यासारखी दिसे. दोन बोंडं सारखी निघाली तर एक बाजूला टाकायची. सारखी नसतात, एवढंच म्हणाली एकदा.

आणि एकदा म्हणाली, "यंदा आमच्याकडे सण नाही. मी काही येत नाही हळदीकुंकवाले. माह्यं काम येते."

भैरवी हो म्हणाली. तिला त्या वाक्यात काय मागितलं होतं ते पूर्ण कळलं होतं.

प्रत क्रमांक सहा, जेव्हा तिला क्रमांक होता. गंधे काकूंना मिळणार होती.

बुधवारी किराणा दुकानात भैरवी तीळ घेत होती. गंधे काकू गूळ बोटानं दाबून बघत होत्या. गंधे काकू म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या. हळदीकुंकवाला पहिलं कुंकू त्यांना लागे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "यंदाचं वाण कोणी केलं गं? तू, का दोघींनी?"

बस, एवढंच.

भैरवीच्या हातात पैसे होते. दुकानात आणखी दोघी उभ्या होत्या. काकूंच्या प्रश्नामागून जे काय यायचं होतं ते सगळं भैरवीला त्या एका क्षणात ऐकू आलं. सुतकातल्या घरचं. तिच्या हातचं. सवाष्णींना, सणाचं वाण, आणि त्याच्यावर विधवेचं नाव. आपल्या दारात आलेल्या बाया चित्र हातात घेऊन एकमेकींकडे बघतायत, आणि एखादी ते चपलांच्या कपाटावर विसरल्यासारखं ठेवून जातेय. हे कोणी म्हटलं नव्हतं. काकू अजून गूळच दाबत होत्या.

"मीच केलं, काकू, यंदा," भैरवी म्हणाली.

"हो का," काकू म्हणाल्या, आणि अर्धा किलो सांगितला.

घरी येईपर्यंत तिच्या लक्षात आलं, की आता चित्रावरून तर खोटं उघडं पडणार. चाळीस ठिकाणी. रात्रभर तिनं स्वतःला समजावलं, की आपण हे शोभासाठीच करतोय. कोणी तिच्या कामाचा अपमान करू नये म्हणून. सकाळपर्यंत तिला ते पटलं होतं. दुपारी ती नासिरभाईंकडे गेली.

एक प्रत. सासूबाईंच्या मांडीवर.

रविवारी सदतीस बाया आल्या. तिळगुळाचं ताट तीनदा भरावं लागलं. चित्र हातात घेतल्यावर जवळजवळ प्रत्येकीचं बोट आधी बोंडावर गेलं. खरंच कापूस आहे का हा? कागद आहे? बाई, कसं केलं गं हे? भैरवी हसत राहिली. कोणीतरी म्हणालं, तुझ्या हातात जादू आहे. ती त्यालाही हसली.

पट्टी कुठे गेली असं एकीनंही विचारलं नाही.

सासूबाई मधल्या खोलीत होत्या. बावीस वर्षं त्या दर हळदीकुंकवाला मधल्या खोलीत बसत आल्या होत्या, पंखा लावून, पेपर घेऊन. बाया गेल्यावर भैरवीनं एक चित्र त्यांना नेऊन दिलं. त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं आणि फांदीच्या टोकापासून मुळापर्यंत बघत आल्या. खालच्या कडेशी थांबल्या.

"शोभाचं नाव कुठं गेलं?"

भैरवीनं पाकिटाचं सांगितलं. ते पुरलं नाही, म्हणून मग खरं सांगितलं. लोक काय म्हणाले असते, आई, तुम्हाला तर माहीतच आहे.

सासूबाईंनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "कोण म्हणालं?"

भैरवी पेपरची पानं सारखी करायला लागली.

"मले कोणी बाहेर ये म्हटलं नाही, म्हणून मी आत बसते," सासूबाई म्हणाल्या. "तिले तर कोणी आत जा म्हटलंच नव्हतं. तूच म्हटलं. आता घरातल्या म्हातारीमुळे केलं, असं मात्र सांगत फिरू नको."

मग त्यांनी जेवायला वाढ म्हणून सांगितलं.

चाळीस पट्ट्या. पत्र्याच्या डब्यात.

नासिरभाईंचा एक नियम होता. लिहिलेला कागद पायदळी जाऊ द्यायचा नाही. पत्रिकांवर कधी गणपती असतो, कधी सातशे शहाऐंशी, कधी कोणाच्या मेलेल्या बापाचं नाव. कातरण झाडून कचऱ्यात गेलं की रस्त्यावर कोणाचा तरी पाय पडणार. म्हणून कोरं कातरण पोत्यात, आणि अक्षर असलेलं पत्र्याच्या डब्यात. डबा भरला की रहमतबी तो वाघाडी नदीच्या पात्रात सोडून यायची. भैरवी पाच वर्षं त्या डब्याला ओलांडून ये-जा करत होती. गुरुवारी तो तिच्या मनातही आला नाही.

रथसप्तमी झाली. शोभा घराबाहेर पडायला लागली. सगळ्यांत आधी ती नासिरभाईंकडे गेली, पत्रिकांचे पांढरे कागद हवे होते. रहमतबीनं तिला पोतं दाखवलं, डबा दाखवला, जे पाहिजे ते घे म्हणाली आणि वर गच्चीवर गेली.

भैरवी दुकानात शिरली तेव्हा शोभा फळीवर बसली होती. मांडीवर पट्ट्या होत्या. तिनं त्या नंबरानं लावल्या होत्या. एक ते चाळीस.

नासिरभाई उठून बाहेर गेले. जाताना त्यांनी पंखा बंद केला, पट्ट्या उडतील म्हणून.

"मले सांगतलं असतं तं मीच कापून देल्या असत्या," शोभा म्हणाली. "तुह्या हातानं तिरप्या गेल्या. हे पाय."

खरंच तिरप्या होत्या. एका टोकाला बोटभर, दुसऱ्या टोकाला दीड.

भैरवी म्हणाली, "शोभा, माझंही नाव कापलं ना मी. दोघींचं कापलं."

"तुह्यं नाव कापून कुठं जाते? तुह्याच घरून वाटलं नं."

तिचा आवाज चढला नव्हता. असता तर भैरवीला काही बोलता आलं असतं. काकू, दुकान, बाया, हे सगळं भैरवी सांगत गेली आणि सांगता सांगता तिला स्वतःलाच ऐकू यायला लागलं, की यात दुसरं माणूस कुठेच नाहीये. शोभानं ऐकून घेतलं. मग तिनं पट्ट्या पुन्हा डब्यात ठेवल्या, एकही न चुरगाळता, आणि कागद न घेताच गेली.

खराब निघालेली प्रत. ही वाटली गेली नाही.

गंधे काकू गूळ दाबून बघत आहेत. मान वर न करता विचारतात, यंदाचं वाण कोणी केलं गं? तू, का दोघींनी?

दोघींनी, भैरवी म्हणते.

हो का, काकू म्हणतात, आणि अर्धा किलो सांगतात.

एकोणीस प्रती. जिथे सापडल्या तिथे.

फेब्रुवारीभर भैरवी घरोघर गेली. चित्र परत द्या, एक चूक राहिली, दुरुस्त करून आणून देते. तिच्या मनात असं होतं, की चाळीसही गोळा करायची, शोभासमोर ठेवायची आणि तिच्या हातानं नाव लिहून घ्यायचं. पट्टी नसली तर नसली, झाडाच्या मुळाशी जागा होती.

एक शोकेसमध्ये चिनीमातीच्या बदकामागे होती. एक मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेली, तिच्यावर हळदीचा गोल. एकीनं मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनात लावली होती आणि तिला बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे ती देईना. दोघींनी फ्रेम करून घेतल्या होत्या, पण फ्रेम उघडून दिली. एक पांढरकवड्याला नणंदेकडे गेली होती आणि तिथून ट्रक ड्रायव्हर भाच्याबरोबर हैदराबादला. एकीनं विचारलं, यावर तुझी सही घ्यायचीच होती मला, करून आण. भैरवी ते चित्र थप्पीच्या तळाशी घालून निघाली.

काय चूक राहिली असं कोणी विचारलं, तर ती म्हणायची, छपाईची.

त्याच एकोणीस. घमेल्यात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती चित्रं घेऊन शोभाकडे गेली. शोभा मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. बसा म्हणाली. भैरवीला वाटलं आपल्यामागे आणखी कोणी उभं आहे. पण ते तिलाच होतं.

भैरवीनं थप्पी बाजेवर ठेवली, पेन्सिल ठेवली आणि कशासाठी आलेय ते सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून आली होती, रडली नाही. चुकलं म्हणाली. दोनदा म्हणाली.

शोभानं थप्पी मांडीवर घेतली. वरच्या चित्रावरच्या एका बोंडाची कड दबली होती, ती तिनं नखानं उचलली. पुढचं चित्र घेतलं. हळदीच्या डागाचं. मग पुढचं. सगळी एकोणीस बघितली. पेन्सिल तिथंच होती. भैरवी पेन्सिलीकडे बघत राहिली.

शोभा उठली, न्हाणीतून घमेलं आणलं आणि हौदातलं पाणी भरलं. पहिलं चित्र दोन्ही हातांनी पाण्यात आडवं सोडलं.

भैरवी उठायला गेली. शोभा म्हणाली, "बसा. तुमची शाई तेलाची आहे. तिले काही होत नाही."

खरंच होतं ते. शाई तेलाची आणि खळ मैद्याची. पाणी मुरलं तशी खळ सुटत गेली. शोभानं चाकूच्या चपट्या बाजूनं एक बोंड उचललं, मग दुसरं. पाचही निघाली. ती तिनं पेपरवर उताणी मांडली. चित्र पाण्यातून काढून दोरीवर टांगलं. तपकिरी काळी पऱ्हाटी, तिच्यावर काही नाही. फांद्यांच्या टोकांना जिथे बोंडं होती तिथे कागद अजून उजळ होता.

"मी काढू लागू?" भैरवीनं विचारलं.

"नाही. फाटतीन."

तासभर गेला असेल. मध्ये शोभानं चहा केला, भैरवीला दिला, आपला ओट्यावर ठेवला आणि तो निवून गेला. उन्हानं दोरीवरचे कागद आकसून वळायला लागले. एका चित्राला चारच बोंडं होती, कोण्या लेकरानं एक उपटलं असावं. शोभानं ती जागा दोनदा बघितली.

"तेरवी झाल्यावर मी हेच करत बसली होती," शेवटचं चित्र हातात असताना ती म्हणाली. "एक बोंड कापलं का त्यायले दाखवाचं वाटे. म्हणून दुसरं कापे. हे माह्या नावाशिवाय लोकाच्या घरात ठेवणं मले जमत नाही. आता नाव लिहून पण जमत नाही. तुमी म्हणता तसं लिहून देल्लं, तरी ते तुमीच लिहाले लावलं होईन."

चित्रं वाळल्यावर तिनंच थप्पी केली, कडा सारख्या केल्या आणि भैरवीच्या हातात दिली. पेन्सिलही दिली. चौऱ्याण्णव बोंडं पेपरवर होती. ती उडू नयेत म्हणून शोभानं वरून जुनी ओढणी घातली.

एक प्रत. पुन्हा गंधे काकूंकडे.

चित्रं परत करावीच लागणार होती. दुरुस्त करून आणते असं एकोणीस घरी सांगितलेलं होतं.

गंधे काकूंनी उघडी पऱ्हाटी बघितली. "अगं, कापूस कुठं गेला?"

भैरवीनं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी पूर्ण सांगितलं, किराणा दुकानापासून. सांगताना तिनं थोडा भार काकूंवर टाकला. तुम्ही विचारलंत, तर मला वाटलं.

काकूंनी चित्र उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "मी काहून विचारलं होतं, माहीत आहे? सदाशिव गेल्यापासून मी शोभाकडे गेलीच नव्हती. तेराव्याला गेली तेवढंच. जाऊन काय बोलावं ते समजेना. मले वाटलं, दोघींनी केलं म्हणालीस तर जाता येईन. चित्र छान झालं म्हणून सांगाले जाता येईन." त्यांनी चित्र टेबलावर उपडं ठेवलं. "तू म्हणाली, मीच केलं. मग मी गेलीच नाही."

पुढच्या घरी भैरवीनं काकूंचं नाव घेतलं नाही. त्याच्या पुढच्या घरी दुकानही सांगितलं नाही. जसजशी घरं होत गेली तसतसं सांगायचं कमी होत गेलं. काहींनी चित्र घेतलं, काहींनी नको म्हटलं. जिनं सही मागितली होती ती घरी नव्हती, तिचं चित्र दाराला अडकवून भैरवी पायऱ्या उतरली आणि मग परत चढून ते काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली आणि तोंडानं सांगितलं.

शेवटची प्रत. लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या मागच्या क्वार्टरमध्ये.

शेवटचं घर अनघाचं होतं. नवऱ्याच्या नोकरीनं वर्षभरापूर्वी आलेली मुलगी, शेजारणीबरोबर हळदीकुंकवाला आली होती. शोभाला तिनं कधी बघितलेलंही नव्हतं. तिनं भैरवीला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"माझ्यासोबत एक जण काम करायची. बोंडं तिची होती," भैरवी म्हणाली. "मी तिचं नाव काढून टाकलं. तिनं बोंडं परत घेतली."

अनघानं चित्र खिडकीशी नेलं. उजळ राहिलेल्या पाच जागांवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, की त्या आणखी काही करतात का, म्हणजे असं कागदाचं. तिला घरात लावायला हवं होतं. त्या देतील का कोणाला?

भैरवीला नेमकं माहीत नव्हतं. एवढं ऐकलं होतं, की शोभा दुपारची नासिरभाईंकडे जाते, रहमतबीबरोबर गच्चीवर बसते, आणि ईदच्या कार्डांसाठी काहीतरी कापतेय. नासिरभाईंनी तिच्यासाठी एक चौकट वेगळी काढून ठेवली आहे. हे भैरवीला नासिरभाईंनी सांगितलं नव्हतं. ती फेब्रुवारीनंतर तिकडे गेली नव्हती.

"घर सांगते," ती म्हणाली.

सोपं नव्हतं सांगायला, अनघा एकदाच आणि तीही शेजारणीमागून आली होती, गल्ल्या तिला माहीत नव्हत्या. भैरवीनं चित्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं चौक काढला, पिंपळ काढला, पाण्याची टाकी, वळण. आपलं घर तिनं काढलं नाही, तिथे नुसती रेघ पुढे नेली. तीन घरं पुढे चौकोन केला. दार कोणत्या बाजूला ते दाखवलं. सकाळी जा आणि मागच्या अंगणातून हाक मारा, म्हणाली. पुढचं दार वाजवलं तर ऐकू जात नाही.

"नाव काय त्यांचं?"

भैरवीनं चौकोनाशेजारी नाव लिहिलं. शोभा असं, मग थोडं थांबून पुढे आडनावही.

अनघा म्हणाली, रविवारीच जाते, तुम्ही याल का सोबत?

"नाही," भैरवी म्हणाली. "तुम्ही जा."